बाबांचा ब्लेझर आणि दोन डोमकावळे

गेल्या डिसेंबरात आम्ही बाबांचा अमृतमहोत्सव केला. फार काही नाही, सांगलीतलंच एक छोटं कार्यालय, शंभर-सव्वाशे पान, सकाळी शांत, मग पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळणं आणि श्रीखंड-पुरी. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. जन्मभर अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि राखाडी पँट, स्वतःच्या लग्नातसुद्धा कोट घातला नव्हता कारण भाड्याचा आणलेला कोट खांद्यात बसला नाही म्हणे. तर हे रिक्षातून उतरतात आणि समोर कार्यालयाच्या दारात आठ बाय दहाचा फ्लेक्स. त्यावर नेव्ही ब्लू ब्लेझर, लाल टाय, कानाशेजारचे केस काळेभोर, गाल गुलाबी, मागं उगवता सूर्य, आणि नाकाच्या डाव्या बाजूला मटकीएवढी जी चामखीळ आहे ती गायब. बाबांनी चष्मा वर-खाली करून बघितलं आणि मला विचारलं, "हा कोण रे?" आम्ही सगळे हसलो. तेही हसले. पण दुपारची पंगत उठेपर्यंत बघतो तर बाबा त्या फ्लेक्सशेजारीच उभे, जो येईल त्याच्यासोबत फोटो काढून घेताहेत, आणि दर फोटोआधी एक हात केसांवरून फिरवताहेत.

फ्लेक्सचं काम आतेभावानं केलेलं. उरलेले पैसे द्यायला दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, शाईचा तो डोक्यात जाणारा वास, आणि एक पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा. मी सहज विचारलं, ब्लेझर कोणी घालायला सांगितला? म्हणाला, "कोणी नाही काका. शोभतंय की साहेबांना. सगळ्यांनाच घालतो." आणि मोठ्या अभिमानानं त्यानं कॉम्प्युटरवर 'कोट' नावाचा फोल्डर उघडून दाखवला. त्यात ओळीनं मुंडकी नसलेले ब्लेझर. निळा, करडा, जोधपुरी, जाकीट, शेजारच्या फोल्डरमधे फेटे. चामखिळीबद्दल विचारलं तर त्याला आठवेचना की फोटोत चामखीळ होती. हात फिरवताना गेली असेल म्हणाला.

कोणी सांगितलं नव्हतं. हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

कारण तो मुंडकी नसलेल्या कोटांचा फोल्डर मी आधी पाहिलेला होता, दगडात. सहा-सात वर्षांपूर्वी आम्ही दोघं युरोपच्या एका ग्रुप टूरला गेलो होतो, 'आठ दिवसांत सात शहरं' छापाची, आणि व्हॅटिकनच्या म्युझियममधे त्या अजस्र गर्दीत ढकलले जात असताना असे कितीतरी पुतळे दिसले ज्यांच्या मानेत ओंजळीएवढा खड्डा होता. गाईड म्हणाली धड वेगळं करायचे, डोकं वेगळं, मग ते त्या खड्ड्यात बसवायचं. रोमचा बादशहा बदलला की कधी नवं डोकं, आणि कंजूषपणा करायचा असेल तर जुन्याच डोक्याचा दगड तासून त्यातून नवा माणूस काढायचा. नीरो बदनाम होऊन मेला आणि त्याच्या गुबगुबीत गालांमधून शिल्पकारांनी नंतरचा बादशहा, टकल्या व्हेस्पेशियन काढला. कॅलिगुलानं तर ग्रीसमधून देवांच्या नामांकित मूर्ती आणवून त्यांची डोकी उतरवून स्वतःची बसवायचा घाट घातला होता, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. पण स्वेटोनियसला वाईट बादशहांबद्दल लिहिताना जरा जास्तच मजा येते, तेव्हा ते थोडं मीठ घालूनच घ्यावं.

तिथंच ऑगस्टस भेटला, रोमचा पहिला बादशहा. 1863 साली रोमजवळ प्रिमा पोर्ता इथं त्याच्या बायकोच्या, लिवियाच्या, बंगल्यात सापडलेला तो प्रसिद्ध पुतळा. दोन मीटरपेक्षा थोडा उंच, उजवा हात वर, पायात काही नाही कारण देव आणि वीर अनवाणी दाखवायचे, आणि पायाशी डॉल्फिनवर बसलेलं एक गुटगुटीत पोरगं, म्हणजे क्युपिड, म्हणजे आमचं घराणं थेट व्हीनसदेवीपासून निघालंय हे बघणाऱ्याला न बोलता कळावं. चेहरा विशी-तिशीतला, एक सुरकुती नाही. हा माणूस इ.स. 14 मधे शहात्तराव्या वाढदिवसाला महिनाभर राहिला असताना गेला, पण दगडातला ऑगस्टस काही म्हातारा झाला नाही. त्याला ओळखायची खूण म्हणजे कपाळावरच्या बटा, एका ठिकाणी केस काट्यासारखे दुभंगलेले आणि डोळ्याच्या वर चिमट्यासारखे एकमेकांकडे वळलेले, आणि साम्राज्याच्या कुठल्याही टोकाला गेलात तरी त्या बटा तशाच. प्रत्यक्षात स्वेटोनियस सांगतो की दात बारीक, विरळ आणि किडके होते, भुवया जुळलेल्या, डावा पाय कधीकधी ओढत चालायचा, आणि उंच दिसायला जाड तळाचे जोडे घालायचा. उंची मुळात बेताची, पण त्याच्या दप्तरातला एक माणूस ती पावणेसहा रोमन फूट होती असं नोंदवून गेलाय, म्हणजे आपल्या हिशेबानं पाच फूट सात इंचाच्या आसपास. त्या कारकुनाचं नाव ज्युलियस माराथस! (आपला काही संबंध नाही. मी उगाच अर्धा तास शोधत बसलो होतो.)

पुतळ्याच्या चिलखतावर मधोमध एक दाढीवाला पार्थियन, म्हणजे इराणकडचा, माणूस रोमन निशाण परत देतोय. ही निशाणं इ.स.पू. 53 मधे रोमन सेनापती क्रॅससच्या फौजेची धूळधाण उडाली तेव्हा गेलेली, रोमच्या जिव्हारी लागलेली गोष्ट. ती इ.स.पू. 20 मधे परत आली, पण लढाई होऊन नाही, बोलणी होऊन. रीतसर तह झाला, आम्ही तुमचं देतो तुम्ही आमचं द्या. आणि नाण्यांवर काय आलं, तर गुडघे टेकलेला पार्थियन. खोटं म्हणाल तर खोटं नाही, निशाणं आली होती की. फक्त गुडघे कुठून आले ते टाकसाळीत काम करणाऱ्यालाच माहीत. तेव्हा मी पुढं सरकलो, आता वाटतं की त्यालाही कोणी सांगितलं नसेल. शोभतंय म्हणून टेकवले असतील गुडघे.

लहानपणापासून आपल्या डोक्यात प्रचार म्हणजे वरून खाली येणारी गोष्ट असते. राजा बोलतो, दवंडीवाला ओरडतो, लोक ऐकतात. रोमबद्दल वाचायला लागल्यावर माझं हे चित्र हळूहळू बिघडत गेलं आणि बिघडवणाऱ्यांत पहिला नंबर एका कावळ्याचा. मॅक्रोबियस नावाच्या लेखकानं चारशेहून जास्त वर्षांनी लिहिलेली गोष्ट आहे, खरी किती देव जाणे. ॲक्टियमच्या लढाईत इ.स.पू. 31 मधे अँटनी आणि क्लिओपात्राला हरवून हा गडी परत येतोय (तेव्हा तो अजून ऑगस्टस नव्हता, ज्युलियस सीझरचा दत्तक मुलगा म्हणून सीझरच होता). रस्त्यावर स्वागताला गर्दी, आणि त्यात एक माणूस हातावर डोमकावळा घेऊन उभा. कावळा म्हणतो, "विजयी सेनापती सीझरचा जयजयकार!" सीझर एवढा खूश की वीस हजार सेस्टर्स देऊन पक्षी विकत घेतला. साध्या शिपायाचा वर्षाचा पगार तेव्हा नऊशे सेस्टर्स, म्हणजे बावीस वर्षांचा पगार एका कावळ्याला. आता त्या माणसाचा एक भागीदार होता, त्याला यातली दमडी मिळाली नाही, तो जळफळत आला आणि म्हणाला, महाराज, याच्याकडे आणखी एक कावळा आहे, तो पण आणायला सांगा. आणला. तो म्हणाला, "विजयी सेनापती अँटनीचा जयजयकार!"

सीझर चिडला नाही. बक्षीस भागीदाराबरोबर वाटून घे एवढंच म्हणाला. झालं, बातमी पसरली, लोक पोपट घेऊन यायला लागले, मैना घेऊन यायला लागले. एका गरीब चांभारानंही कावळा पाळला, पण तो काही केल्या शिकेना, आणि हा वैतागून रोज म्हणायचा, मेहनत गेली, पैसा गेला. शेवटी शिकला कसाबसा. सीझर जाताना कावळ्यानं जयजयकार केला तर सीझर म्हणतो, असले भाट माझ्या घरी पुष्कळ आहेत. तेवढ्यात कावळ्याला बाकीचंही आठवलं आणि तो म्हणाला, "मेहनत गेली, पैसा गेला." सीझर खदाखदा हसला आणि हा कावळा त्यानं सगळ्यात जास्त किंमत देऊन घेतला. मला यातला चांभार सगळ्यात जवळचा वाटतो. पण लक्षात राहतो तो पहिला माणूस, दोन पिंजरे शेजारी शेजारी ठेवून दोघांना वेगवेगळ्या वेळी शिकवणारा, पहिल्याला सांगताना दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून काय करत असेल कोण जाणे. त्यालाही सीझरनं सांगितलं नव्हतं.

आणि कावळे काही पिंजऱ्यातच होते असं नाही. 'ऑगस्टस' ही पदवी त्यानं स्वतः घेतली नाही, सिनेटनं दिली, इ.स.पू. 27 च्या जानेवारीत. सुचवली कोणी? मुनाशियस प्लँकस यानं. हा प्लँकस आधी अँटनीच्या गोटातला. अलेक्झांड्रियात क्लिओपात्राच्या दरबारी एका मेजवानीत यानं अंगाला निळा रंग फासून, डोक्यावर बोरूचा मुकुट घालून, मागं माशाचं शेपूट लावून गुडघ्यावर बसून समुद्रदेवाचा नाच केला होता. मग वारं फिरलं तसं इ.स.पू. 32 मधे तो इकडं आला, येताना अँटनीचं मृत्युपत्र रोमच्या व्हेस्टल कुमारिकांकडं, म्हणजे पुजारणींकडं, ठेवलंय ही खबर घेऊन आला. ते मृत्युपत्र मिळवून सिनेटसमोर वाचून दाखवलं गेलं, रोमन माणसाला अलेक्झांड्रियात क्लिओपात्राशेजारी पुरायचंय हे ऐकून लोक पेटले, आणि पाच वर्षांनी हाच शेपूटवाला प्लँकस उभा राहून म्हणतो, यांना ऑगस्टस म्हणा. त्या शब्दात पावित्र्य आहे, वाढ आहे, शकुन आहे, सगळं आहे. राजा हा शब्द तेवढा नाही, कारण तो शब्द ऐकला की रोमन माणसाचं पित्त खवळायचं. पुढं शेकडो वर्षं दर बादशहाच्या नावाला ते चिकटत गेलं आणि आपल्या कॅलेंडरवर अजून दरवर्षी एकतीस दिवस लटकतं. शब्द शोधून देणारा माणूस निळ्या रंगातला, पक्ष बदललेला. त्याची मेहनत मात्र गेली नाही.

ऑगस्टस स्वतः काय करायचा? नको नको म्हणायचा, आणि यात त्याचा हात कोणी धरला नसता. लोक हुकूमशहा व्हा म्हणाले तर गुडघ्यावर बसून, खांद्यावरचा टोगा ओढून छाती उघडी करून गयावया केली की मला हे देऊ नका. शहरात स्वतःचे चांदीचे ऐंशीएक पुतळे उभे राहिलेले होते, ते सगळे वितळवून त्याच्या पैशातून अपोलोच्या देवळात सोन्याच्या वस्तू वाहिल्या. कपडे बायको, बहीण, मुलगी यांनी घरी विणलेले घालायचा. ढोंगी होता का? असेल. पण पुतळे उभारणाऱ्यांना थांबवायला वितळवावे लागले यातच सगळं आलं.

रोमपासून निघालेला तो चेहरा आपल्याकडंही येऊन गेला, ही गोष्ट मला पुस्तकांपेक्षा तेरनं जास्त शिकवली. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, जुनं तगर, सातवाहनांच्या काळात पश्चिमेशी व्यापार करणारं गाव. मिरी, मोती, तलम कापड जायचं आणि चांदीचे दीनार यायचे, इतके की भारतापायी वर्षाला पाच कोटी सेस्टर्स जातात म्हणून रोमन लेखक प्लिनी गळा काढतो. दक्षिणेत सापडलेल्या दीनारांमधे एक प्रकार फार, एका बाजूला ऑगस्टस आणि दुसऱ्या बाजूला ढाल-भाले घेऊन उभे त्याचे दोन नातू गायस आणि लुसियस, दत्तक घेतलेले वारस. पाहा, पुढची सोय झालेली आहे, असं सांगणारं नाणं. लुसियस इ.स. 2 मधे गेला, गायस इ.स. 4 मधे, दोघं आजोबांच्या आधी. पण तमिळ मुलखात गाडग्यात भरून पुरलेली ती पोरं तशीच उभी राहिली ढाली घेऊन. इथं कोणाला त्यांच्या वारसाहक्काशी देणंघेणं? चांदी खरी आहे का एवढंच बघायचे, काही नाण्यांवर तर बादशहाच्या तोंडावरच छिन्नीचा घाव आहे. आणि तेर, कोंडापूर अशा ठिकाणी मिळाल्या मातीच्या चकत्या, रोमन नाण्यांची नक्कल, गळ्यात अडकवायला केलेल्या. लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या, चेहरा आहे पण कोणाचा ते करणाऱ्यालाही माहीत नसावं. ती बोटभर चकती आठवली की मला तो जिन्याखालचा पोरगा आठवतो. त्यालाही बाबा कोण हे माहीत नव्हतं. त्याला फक्त गळ्यात घालण्यासारखं काय दिसतं ते माहीत होतं.

आता कार्यक्रमाचं राहिलंच. ओवाळणं झाल्यावर माझ्या भाचीनं आजोबांचा परिचय वाचला. तो परिचय बाबांनीच लिहून दिला होता, तृतीयपुरुषी, चार फुलस्केप, 'श्री. हे अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत शिकले' वगैरे. ऐकताना मला रोममधली एक भिंत आठवली. आरा पाचिसच्या, म्हणजे ऑगस्टसच्या शांतिवेदीच्या इमारतीला बाहेरून एक लांब भिंत आहे, त्यावर धातूच्या अक्षरात लॅटिन मजकूर, मुसोलिनीनं 1938 च्या सुमाराला लावलेला. त्यालाही ऑगस्टस व्हायचं होतं, तो विषय सोडू. आमचा ग्रुप जिलाटोच्या रांगेत आणि मी त्या भिंतीसमोर, एक अक्षर कळत नव्हतं तरी. तो मजकूर म्हणजे ऑगस्टसनं स्वतःच लिहून ठेवलेला स्वतःचा परिचय, मेल्यावर समाधीपुढं काशाच्या खांबांवर कोरायचा म्हणून. हा प्रथमपुरुषी आहे एवढाच फरक. एकोणिसाव्या वर्षी मी स्वखर्चानं सैन्य उभं केलं. मी ब्याऐंशी देवळं दुरुस्त केली. भारतातल्या राजांचे वकील माझ्याकडं वारंवार आले, आधी कुठल्याही रोमन सेनापतीकडं आले नव्हते. माझा मान सगळ्यांपेक्षा जास्त होता, पण सत्ता बरोबरीच्या अधिकाऱ्यांपेक्षा जास्त नव्हती. आणि माझी आवडती ओळ, पाँपीचं नाट्यगृह मी मोठ्या खर्चानं दुरुस्त केलं आणि त्यावर माझं नाव कुठंही घातलं नाही. हे सगळं काशात कोरून. त्या खांबांचा आता पत्ता नाही, मजकूर टिकला तो अंकाराच्या देवळाच्या भिंतीवर, लॅटिनमधे आणि शेजारी स्थानिकांना कळावा म्हणून ग्रीकमधे, रोमपासून एवढ्या लांब.

त्यात जे नाही ते जास्त बोलतं. अँटनीचं नाव नाही. ब्रूटस, कॅसियसचं नाव नाही, 'ज्यांनी माझ्या वडिलांचा खून केला ते' एवढंच. आणि इ.स.पू. 43 च्या त्या याद्या, ज्यात तरुण सीझरनं आणि अँटनीनं मिळून माणसांची नावं लिहिली आणि सिसेरोचं डोकं आणि हात तोडून ज्या चौथऱ्यावरून तो भाषणं करायचा तिथंच टांगले गेले, त्या याद्यांचा एक शब्द नाही. बाबांच्या चार फुलस्केपात काका नव्हते.

जमिनीच्या वादाला बावीस वर्षं झाली. कोण बरोबर कोण चूक हे आता मलाही सांगता येणार नाही, मी एका बाजूचंच ऐकत मोठा झालो. परिचयात 'तीन बहिणींची लग्नं केली' आहे, 'आईवडिलांची सेवा केली' आहे, पण भाऊ हा शब्द नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, आईच्या आलं, ती उठून आत गेली. मग जुन्या फोटोंचा स्लाइड शो लागला आणि त्यात एक फोटो, बाबा विशीतले, नरसोबाच्या वाडीच्या घाटावर उभे, डावीकडं फोटो कापलेला. आणि बाबांच्या खांद्यावर एक हात. नुसता हात, मनगटात घड्याळ, कोपराच्या पुढं काही नाही. मी आतेभावाला नंतर विचारलं. तो म्हणाला, मामांनी काही सांगितलं नव्हतं रे, मलाच वाटलं की बरं दिसणार नाही.

बर्लिनच्या म्युझियममधे इजिप्तमधून आलेलं एक गोल चित्र आहे, लाकडावर काढलेलं, ताटाएवढं. मी फोटोच पाहिलाय. बादशहा सेप्टिमियस सेवेरस, त्याची बायको ज्युलिया डोम्ना आणि दोन मुलं, चौकोनी कुटुंब, मोती आणि मुकुट घालून फॅमिली फोटोला बसल्यासारखं. बाप गेला आणि इ.स. 211 च्या डिसेंबरात थोरल्यानं, कॅराकॅलानं, धाकट्या गेटाला आईच्या कुशीत मारवलं. मग गेटाचं नाव सगळीकडून काढायचा हुकूम, रोममधल्या सेवेरसच्या कमानीवर अजून दिसतं की एक ओळ नंतर कोरलीय आणि जुन्या अक्षरांची भोकं तशीच आहेत. इजिप्तमधल्या त्या चित्रातही एका पोराचा चेहरा खरवडून काढलाय. अंगरखा आहे, गळा आहे, वर नुसता मळका गोल. आई शेजारी सरळ समोर बघतेय. हुकूम रोमचा, मान्य, पण खरवडणारा हात तिथलाच असणार, कोणातरी पुजाऱ्याचा नाहीतर कारकुनाचा. त्याला वाटलं असेल की ठेवलं तर बरं दिसणार नाही.

काकांच्याही नाकाशेजारी अगदी तिथंच चामखीळ आहे, आजीकडून आलेली. जमिनीचं वाटप काही झालं नाही, पण ही तेवढी दोघांना सारखी मिळाली.

फ्लेक्स आता आमच्या गच्चीवर आहे. एप्रिलात आईनं कुरडया घातल्या त्या त्याच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर, म्हणजे बाबा पालथे आणि वर ओळीनं कुरडया. मी गेलो होतो तेव्हा बाबा खुर्ची टाकून राखणीला बसले होते, हातात वेताची काठी, कठड्यावर तीन-चार कावळे. ऊन कलल्यावर आम्ही दोघांनी कुरडया उचलल्या आणि फ्लेक्स गुंडाळायला लागलो, तर खालून तो निळा ब्लेझर वर आला, टायवर चिकाचा वाळलेला डाग. बाबा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "त्या पोराकडं फाईल असेल का रे अजून? असली तर ठेव म्हणावं. पुढं पेपरात द्यायला लागंल." मी काही बोललो नाही. गुंडाळी करून झाली, सुतळी बांधली. जिना उतरताना ते पुढं होते, मागं न बघता म्हणाले,

"कोट असू दे. ती चामखीळ तेवढी परत लावायला सांग."